उंटाच्या घरातलं प्यादं

१२ जानेवारी, रविवार. सांगली

पल्लवीनं ही डायरी हातात ठेवली. तिला शाळेतून दरवर्षी एक मिळते. म्हणाली, "माझ्यापाशी कुरकुर करण्यापेक्षा हिच्यापाशी करा." बायको मास्तरीण असली की असं होतं. चूकही काढते आणि वहीही देते.

पहिल्या पानावर नाव, वय, व्यवसाय लिहायला रेघा आहेत. नाव ज्योतिबा केरू मेटकरी. वय सेहेचाळीस. व्यवसाय बुद्धिबळ. हा तिसरा शब्द लिहिताना अजून हात अडखळतो, कारण ऐकणारा लगेच म्हणतो, "ते झालं, पण काम काय करता?"

तर कुरकुर अशी. ग्रँडमास्टर व्हायला तीन नॉर्म लागतात, म्हणजे मोठ्या स्पर्धांत तीनदा ठरलेल्या दर्जाचा खेळ. माझे झाले. पहिला तिशीत, दुसरा चाळिशीत, तिसरा गेल्या वर्षी. शिवाय रेटिंग एकदा, फक्त एकदा, अडीच हजाराला टेकावं लागतं. नंतर विहिरीत पडलं तरी चालतं. माझं आहे चोवीसशे एकोणनव्वद. अकरा गुण कमी. हे अकरा गुण मी सात वर्षं हुडकतोय.

मार्चपासून साताऱ्याजवळच्या एका निवासी शाळेत बुद्धिबळ शिकवायची नोकरी घेतलीय. स्पर्धांना सुट्टी मिळणार नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं आणि मी आधीच हो म्हणालो. म्हणजे फेब्रुवारीतली साताऱ्याची स्पर्धा शेवटची. नऊ डाव. झालं तर झालं, नाहीतर पोरांना प्यादं कसं चालतं ते शिकवायचं.

पल्लवी म्हणते त्यातही वाईट काही नाही. तिचं बरोबर आहे. पण मला ग्रँडमास्टर व्हायचंय.

१५ जानेवारी, बुधवार

आण्णांना आटपाडीहून घेऊन आलो. आण्णा म्हणजे माझे वडील. उजव्या डोळ्याला मोतीबिंदू. वय अठ्ठ्याहत्तर की ऐंशी, त्यांनाही ठाऊक नाही. जन्म कधीचा विचारलं तर सांगतात, "मेंढरं कराडाकडं गेलती तवाचा." मेंढरं दरवर्षीच तिकडं जात होती.

बरोबर एक गठुडं. त्यात धोतर, घोंगडं, औषधाच्या चिठ्ठ्या आणि सोंगट्यांची पिशवी. बाभळीच्या लाकडाच्या सोंगट्या त्यांनी स्वतः मेंढरामागं बसून कोरलेल्या. पिशवी बघून मी तोंड फिरवून रिक्षा बोलावली.

२० जानेवारी, सोमवार

ऑपरेशन झालं. पंधरा मिनिटांचं काम. काळा चष्मा घालून आण्णा सोफ्यावर असे बसलेत की शेजारच्या काकू दारातूनच परत गेल्या. दिवसातून सहा वेळा थेंब घालायचे आहेत, ते पल्लवी घालते. माझ्या हातून घालून घ्यायला ते तयार नाहीत. "तुझा हात हालतुया," म्हणतात. हलतो खरा.

तयारी चालू आहे. सकाळी सहा ते अकरा कॉम्प्युटरपुढं. जे आज पाठ करतो ते परवा विसरतो. वीस वर्षांच्या पोरांनी एकदा बघितलं की बास.

२३ जानेवारी, गुरुवार

पाणी प्यायला उठलो तर आण्णांनी बाल्कनीतल्या फरशीवर खडूनं पट आखलेला. खडू पल्लवीचा. एकटेच दोन्हीकडून खेळत होते, देशी नियमानं. एका उंटाच्या जागी चिंचोका ठेवलेला. तो उंट हरवलाय.

देशी नियमात प्यादं शेवटच्या घरात पोचलं की त्याचं हवं ते मोहरं करता येत नाही. ज्या पट्टीतून गेलं, त्याच पट्टीचं मोहरं होतं. घोड्याच्या पट्टीत घोडा, हत्तीच्या पट्टीत हत्ती. वजीर हवा असेल तर प्याद्यानं वजिराच्याच पट्टीतून जायला हवं. मी उभा राहून बघत होतो. घोड्याच्या पट्टीतलं प्यादं पोचलं आणि त्यांनी तिथं घोडा ठेवला.

मी म्हणालो, "आण्णा, तिथं वजीर होतो."

"तुझ्यात हुत आसंल. आमच्यात ज्या घराचं प्यादं, त्या घराचं मोहरं."

मला खेळायला बोलावलं नाही. पस्तीस वर्षांत कधी बोलावलेलं नाही, तर आज कुठलं बोलावतायत. मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

२६ जानेवारी, रविवार

पल्लवीनं विचारलं, "तुम्ही दोघं एकमेकांशी का खेळत नाही?" लग्नाला वीस वर्षं झाली, आज विचारतेय. मी म्हणालो, जुनी गोष्ट आहे. म्हणाली, मग लिहून काढा. पुन्हा वहीच.

लिहितो. मी अकरा वर्षांचा होतो. आण्णांनीच मला खेळ शिकवलेला, खडकावर कोळशानं पट आखून. वाडीत मला कुणी हरवू शकत नव्हतं. कुणीतरी आण्णांना सांगितलं की सांगलीत मुलांची स्पर्धा आहे. आण्णा मेंढरं चुलत्याच्या हवाली करून मला घेऊन आले. नियम वेगळे असतात हे आम्हाला दोघांनाही ठाऊक नव्हतं. प्यादं दोन घरं चालतं, राजा किल्ल्यात जातो, हे मी तिथं बघून बघून शिकलो आणि तरी चार डाव जिंकलो.

पाचव्या डावात बूट घातलेला एक मुलगा समोर होता. माझं प्यादं उंटाच्या पट्टीतून शेवटच्या घरात पोचलं. मी उंट ठेवला. मुलगा बघतच राहिला. पंच आले. म्हणाले, "चालतं, उंटही करता येतो. पण बाळ, वजीर का नाही केलास?" मी म्हणालो, "उंटाच्या घरात उंटच हुतो." आधी तो मुलगा हसला, मग त्याचा बाप, मग सगळी खोली. वजीर केला असता तर जिंकलो असतो. डाव बरोबरीत सुटला आणि बक्षीस गेलं.

त्यानंतर आण्णा माझ्याशी खेळले नाहीत. सांगलीत वसतिगृहात घातलं, स्पर्धेला आणलं, नेलं, पण डाव मांडला नाही. स्पर्धेच्या वेळी बाहेर लिंबाखाली बसून राहायचे. दुसऱ्या पोरांचे बाप खिडकीला नाक लावून उभे असायचे. हे एकदाही आत आले नाहीत. येताना एक उंट हरवला, त्याचा एवढा राग. मी लहान होतो, हे कधी ध्यानातच घेतलं नाही त्यांनी.

तेव्हापासून मला एक खोड लागलीय. माझं प्यादं पाचव्या घरात पोचलं की मी वजीर उजव्या हाताशी आणून ठेवतो. लोक म्हणतात, ज्योतिबाचा आत्मविश्वास बघा.

पल्लवीनं विचारलं, उंट हरवला कसा? मी म्हणालो, एसटीत.

टाकला होता. मीच, खिडकीतून, भिवघाटात. झालं लिहून.

२९ जानेवारी, बुधवार

पल्लवी शाळेतून आली की तिचा फोन आण्णांकडं असतो. काय बघता म्हटलं तर, "गजीनाच." डॉक्टरांनी डोळ्याला ताण देऊ नका सांगितलंय. आणि ढोल वाजवून नाचायचा तो नाच हे आवाज बंद करून बघतात. म्हातारपण, दुसरं काय.

३१ जानेवारी, शुक्रवार. सातारा

पोचलो. खोली बरी आहे, खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो. घरातून निघताना आण्णांच्या पाया पडलो. म्हणाले, "दमानं." एवढंच. समोरचा कोण, किती डाव, काही नाही. आटपाडीच्या बाजाराला निघालो असतो तरी हेच म्हणाले असते.

२ फेब्रुवारी, रविवार

दोन डाव, दोन विजय. लिहायला काही नाही, हे किती बरं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

काल बरोबरी, आज हार. हार चौदा वर्षांच्या पोराकडून. डाव संपल्यावर म्हणाला, "अंकल, तुम्ही छान खेळलात." अंकल म्हटल्याचं दुःख नाही. छान खेळलात म्हटल्याचं आहे.

घरी फोन केला. मी काही बोलायच्या आधीच पल्लवी म्हणाली, "असू दे, पाच डाव आहेत." मग जरा थांबून, "तो घोडा मागं का नेलात?"

मी म्हणालो, "तुला घोडा कसा चालतो ते तरी माहीत आहे का?"

"नाही. पण नेलात ना?"

नेला होता. तिथंच डाव फिरला. बहुतेक मोबाईलवर कुणीतरी लिहिलेलं वाचलं असेल. वरच्या पटांचे डाव थेट दिसतात आता, आणि ज्याला चहा करता येत नाही तो माणूसही खाली मत लिहितो.

५ फेब्रुवारी, बुधवार

जिंकलो. पल्लवीला विचारलं, आण्णा जेवले का? म्हणाली, "आत्ता जेवले, तुमचा डाव संपल्यावर." माझ्या डावाचा आणि भाकरीचा काय संबंध? थेंबांची वेळ तीच असेल.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

काल जिंकलो, आज बरोबरी. चाळीस खेळ्या दोघांनी एकमेकांना धक्का लागू दिला नाही. पाठ धरलीय. संध्याकाळी चार भिंतीच्या टेकडीवर चालून आलो, तेवढंच बरं वाटलं. वाटेत स्वतःला खरंखरं विचारलं की हे सगळं कशासाठी. उत्तर सरळ आहे. लोकांना सांगता यावं, म्हणून. "काम काय करता" विचारलं तर एक शब्द असावा. यापेक्षा मोठं कारण मला सापडलं नाही, आणि याची लाज पण वाटली नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

जिंकलो. आता रेटिंग चोवीसशे शहाण्णव पूर्णांक एक. उद्या समोर इंद्रजित, कोल्हापूरचा. जिंकलो तर अडीच हजार पूर्णांक तीन. बरोबरी झाली तर संपलं. अंगणवाडीतल्या पोरालाही कळेल इतका सोपा हिशोब.

इंद्रजित मला दहा वर्षं ओळखतो. हरत आलेला डाव वाचवायला सापळे लावण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. जेवताना समोर येऊन बसला. म्हणाला, "दादा, सगळे मला म्हणतायत, दादाचा शेवटचा डाव आहे, बघ जरा. मी काही बघणार नाही बरं का."

मी म्हणालो, "बघितलंस तर तुझ्याशी बोलणार नाही."

"मग झालं. आमटी घ्या."

पल्लवीला फोनवर सांगितलं. मागून आण्णा काहीतरी म्हणाले. काय म्हणतायत विचारलं तर ती म्हणाली, "म्हणतायत, रातीला जास्ती खाऊ नको म्हणावं."

९ फेब्रुवारी, रविवार

सावकाश लिहितो, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

सव्वापाच तास चालला डाव. शेवटी माझा राजा आणि दोन प्यादी, त्याचा राजा आणि एक प्यादं. त्याचं प्यादं माझ्या एका प्याद्यानं समोरून अडवून धरलेलं, हलायचं नाव नाही. माझं दुसरं प्यादं अगदी कडेच्या पट्टीतून सातव्या घरात, एक पाऊल राहिलेलं. घड्याळात दीड मिनिट. वजीर केव्हापासूनच माझ्या उजव्या हाताशी.

इंद्रजितचा राजा प्याद्याला धरायला येणार, हे गृहीत धरून मी पुढचं सगळं मोजून ठेवलं होतं. तो आला नाही. राजा एक घर बाजूला ठेवून त्यानं घड्याळ दाबलं आणि पाण्याची बाटली उघडली. मला वाटलं, पोरानं सोडलं बहुतेक. मी प्यादं पुढं सरकवून उचललं, वजीर हातात घेतला.

वजीर घराच्या वर एक बोटभर होता. टेकला की संपलं. तेवढ्यात माझं लक्ष त्या घराकडं गेलं. कडेचं घर. हत्तीचं. आणि डोक्यात आण्णा बोलले, अगदी बाल्कनीत बोलले तसे, "ज्या घराचं प्यादं, त्या घराचं मोहरं." मला राग आला. इतक्या वर्षांनी, या वेळेला, हे मध्येच कशाला. रागानंच मी मनात तिथं हत्ती ठेवून बघितला, बघू तुमचा हत्ती काय करतो म्हणून. आणि मग दिसलं.

वजीर ठेवला असता तर इंद्रजितच्या राजाला शह बसला नसता, पण हलायला एकही घर उरलं नसतं. प्यादं तर अडकलेलंच. शह नाही आणि खेळी नाही, म्हणजे डाव बरोबरीत. हत्ती ठेवला तर राजाला एक घर मोकळं राहतं. खेळ चालू राहतो आणि मी जिंकतो. हा सापळा नवशिक्याला पहिल्या महिन्यात दाखवतात. मी स्वतः शेकडो पोरांना दाखवलाय.

वजीर खाली ठेवला, पटाबाहेर. मेलेल्या मोहऱ्यांतून हत्ती घेतला आणि त्या घरात ठेवला. घड्याळ दाबलं.

इंद्रजितनं बाटलीचं झाकण लावलं. राजा हत्तीवर घातला, मी हत्ती बाजूला काढला, पुढच्या खेळीला त्याचं प्यादं खाल्लं. चार खेळ्यांनी त्यानं हात पुढं केला. "दादा, वजीर तर हातात होता तुमच्या."

मी म्हणालो, "हत्तीचं घर होतं."

तो हसला. मीपण हसलो. मग प्रसाधनगृहात जाऊन नळ सोडून रडलो. पत्र यायचंय, वरून मंजुरी यायचीय, तोवर कुणाला ग्रँडमास्टर म्हणू नका असं मी सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी म्हटलं. मला लय बरं वाटलं.

घरी फोन केला. पल्लवी रडत होती, तिला सगळं आधीच ठाऊक. आण्णा कुठायत विचारलं. म्हणाली, "जेवतायत. आज दोन भाकरी मागितल्या."

१० फेब्रुवारी, सोमवार. सांगली

दुपारी घरी पोचलो. दारात रांगोळी, शेजारच्या काकूंनी ओवाळलं. कंदी पेढे आणले होते, ते सगळ्यांना वाटले. आण्णा बाल्कनीत. फरशीवर खडूचा पट आखलेला आणि सोंगट्या मांडलेल्या, दोन्ही बाजूच्या. पाया पडलो.

ते म्हणाले, "हत्ती केलास."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"बघत हुतो." पल्लवीचा फोन शेजारीच पडलेला. मी तिच्याकडं बघितलं, तर ती थेंबांची बाटली हुडकायला लागली. गजीनाच आवाज बंद करून का बघायचे, ते आज माझ्या टाळक्यात शिरलं: गजीनाच नव्हेच, माझे डाव. फोनवर घोड्याचं कुणी विचारलं, तेही.

आण्णांनी पटाकडं हात केला. "बस. आता खेळूया. आता तू झालास नव्हं, काय ती मोठी पदवी. आता माज्यासंगं खेळून तुझं काय बिघडायचं न्हाई."

बसलो. त्यांनी पहिली खेळी केली, राजापुढचं प्यादं दोन घरं. देशीत प्यादं दोन घरं चालत नाही. मीही माझं प्यादं दोन घरं सरकवलं. आठव्या खेळीला त्यांनी राजा किल्ल्यात नेला, नीट, हत्तीसकट, बरोबर.

"हे कुणी शिकवलं?"

"बाळासो मास्तरानं. सुट्टीला आलतास तवा तुझं एक पुस्तक ऱ्हायलं हुतं घरी. मास्तर वाचून दावायचा, मी खेळून बघायचो."

"कधी?"

"त्याच साली. म्हणलं पोरगं फिरून आलं म्हंजी त्याच्या नियमानं खेळू."

"मग खेळला का नाहीत?"

आण्णांनी काळा चष्मा काढला. नवा डोळा जरा लाल आहे अजून. "तूच नगं म्हणला हुतास की. एसटीत. 'तुमच्यामुळं हसली माणसं. पुन्यांदा माज्यासंगं खेळू नका.' बराबरच हुतं तुझं. माजं उलटं शिकून पोराचा खेळ बिघडला असता. म्हणून आतबी कवा आलो न्हाई. आत आलो तर तोंडातनं कायतरी जायचं."

हे वाक्य मी या डायरीत कुठंही लिहिलेलं नाही. लपवलं असंही नाही, खरंच आठवत नव्हतं. आता आठवलं, एसटीच्या घरघरीसकट. माफ करा म्हणावं असं वाटलं, पण आमच्यात बाप-लेक असं बोलत नाहीत. मी म्हणालो, "आण्णा, मी लय वंगाळ बोललो." ते म्हणाले, "तुझी खेळी हाय."

डाव लांबला. पल्लवी स्टूल घेऊन येऊन बसली, तिनं थेंब घातले, आण्णांनी एका डोळ्यानं खेळ चालू ठेवला. चांगले खेळतात. एकटे खेळून खेळून दोन्ही बाजूंचं कळतं त्यांना. मी हत्तीला हत्ती देऊन घोळ केला, मुद्दाम नाही. शेवटी त्यांचं एक प्यादं सुटलं आणि चालत चालत माझ्या शेवटच्या घरात पोचलं. उंटाची पट्टी होती.

मी मेलेल्या सोंगट्यांतला चिंचोका उचलून पुढं केला. "घ्या. उंटाच्या घरात उंटच होतो."

आण्णांनी चिंचोका हातात घेऊन बघितला. "ह्यो उंट न्हाई. उंट तू भिवघाटात टाकलास. मी दुसऱ्या दिशी गेलतो चालत, हुडकायला. सांजंपर्यंत हुडकला. घावला न्हाई."

पल्लवीनं माझ्याकडं बघितलं. मी पटाकडं बघत राहिलो. वाडीपासून भिवघाट चालत जायचा म्हणजे निम्मा दिवस, तेवढंच परत.

मी म्हणालो, "मग वजीर करा. आता चालतो."

"ठावं हाय मला," आण्णा म्हणाले. "वजीरच करनार हुतो." चिंचोका त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकला, वजीर ठेवला आणि दोन खेळ्यांत मला मात दिली.

उद्या सकाळी पुन्हा मांडायचा ठरलाय. मी बाभळीचं लाकूड कुठं मिळेल ते विचारून आलो. उंट मला कोरता येईल का, माहीत नाही. हात हलतो.